रुमालातून भिंतीवर: जुने दप्तर लोकांसमोर कसे आणावे

नाशिकमध्ये जुन्या कागदांची वाण नाही. गोदाकाठच्या वाड्यांच्या माळ्यांवर रुमालात बांधलेली दप्तरे आहेत, तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत, देवस्थानांचे जमाखर्च आहेत, जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे आहेत. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या या शहरात वाचकांचीही वाण नाही. तरीही कागद आणि वाचक यांची गाठ क्वचितच पडते. ती घालून देण्यासाठी एखाद्या वाचनालयाने, शाळेने किंवा घराण्याने हाताशी असलेल्या साधनांतून काय करावे, ते येथे क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या कामातला सर्वांत सोपा भाग स्कॅनिंगचा असतो, आणि बहुतेक जण नेमके तेच आधी करून मोकळे होतात. आम्हीही ते केले होते. अकराशेच्या वर पानांच्या प्रतिमा संगणकात जमा झाल्या, पण कोणते पान कोणत्या रुमालातले हे कोणीच लिहून ठेवले नव्हते. शेवटी सगळे रुमाल पुन्हा सोडून एकेक पान जुळवत बसावे लागले.

पायरी १: रुमाल सोडण्यापूर्वी

गाठ सोडण्याआधी गासडीचे छायाचित्र घ्यावे आणि आत कागद ज्या क्रमाने ठेवलेले आहेत तो क्रम मोडू नये. ज्याने ते बांधले त्याच्या डोक्यात काही हिशेब होता: एका वादाचे सारे कागद एकत्र असतील किंवा एका वर्षाचे. महत्त्वाचे वाटणारे कागद वेगळे काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो, परंतु शेजारच्या कागदावाचून एकट्या पत्राचा अर्थ पुष्कळदा लागतच नाही. प्रत्येक पानाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने रुमाल क्रमांक आणि पान क्रमांक लिहावा. पेनचा वापर कटाक्षाने टाळावा.

हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, एवढे कागदासाठी पुरे असते. सुती हातमोज्यांत बोटांना पानाची कड जाणवत नाही आणि कागद फाटण्याची भीतीच वाढते. छायाचित्रे आणि काचेच्या निगेटिव्ह मात्र हातमोजे घालूनच धराव्यात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे आणि जुना कागद लॅमिनेट करून घेणे हे दोन्ही उपाय प्रेमापोटी केले जातात आणि दोन्ही कागदाचा घात करतात, कारण चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि लॅमिनेशन कागदाला इजा न करता सहसा काढता येत नाही. काजळीच्या शाईने लिहिलेला मजकूर पाणी लागताच पसरू शकतो, म्हणून नाशिकच्या पावसाळ्यात हे काम हाती न घेता दसऱ्यानंतर सुरू करावे.

पायरी २: सूची

खरे काम येथे आहे. प्रत्येक कागदासाठी वहीत किंवा संगणकावरच्या तक्त्यात एक ओळ करावी आणि तीत क्रमांक, कागदाचा प्रकार, कोणी कोणास लिहिले, गावाचे नाव, तारीख, लिपी, पाने, कागदाची अवस्था आणि दोन वाक्यांचा गोषवारा लिहावा. कालांतराने ही सूची एखाद्या मोठ्या अभिलेखागाराच्या सूचीशी जोडायची झाली, तर डब्लिन कोअर या आंतरराष्ट्रीय पद्धतीतल्या १५ रकान्यांशी ती सहज जुळवता येते.

तारखेचा रकाना सर्वांत जास्त घाम काढतो. कागदावर शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवावेत. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. दख्खनी फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होतो. त्यात डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढे ५९१ मिळवावेत. पेशवेकालीन कागदांत शुहूर सन असतो आणि तो पुष्कळदा आकड्यांत नसून अरबी संख्याशब्दांत असतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७५-७६ हे वर्ष हाती येते. मुसलमानी महिन्याआधी येणारा ‘छ’ हा चंद्रदर्शनापासून मोजलेल्या तारखेची खूण असतो. कागदावरची मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात आणि काढलेली इसवी तारीख दुसऱ्या रकान्यात ठेवावी, म्हणजे आपली चूक झाली असेल तर पुढच्या माणसाला ती पकडता येईल.

पायरी ३: प्रतिमा

लेखी कागदासाठी ३०० ते ४०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) आणि छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय पुरेसे आहेत. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात रंगीत ठेवावी आणि लोकांना दाखवण्यासाठी तिच्यावरून लहान जेपेग काढावी. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयला सुमारे २६ एमबी जागा घेते, म्हणजे हजार पानांना २६ जीबी. त्यामुळे हार्ड डिस्कची तजवीज आधी करावी. शिवलेली बाडे सपाट स्कॅनरवर दाबू नयेत, ती वरून कॅमेरा लावून टिपावीत. फाइलच्या नावात रुमाल आणि पान क्रमांक आलाच पाहिजे. तीन प्रती ठेवाव्यात, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. गोदेच्या पुराचे पाणी कुठवर चढते हे ठाऊक असलेल्या गावात ही तिसरी प्रत काठापासून दूर ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

पायरी ४: वाचन

मोडीतील कागदाची प्रतिमा कितीही स्वच्छ असली तरी सामान्य वाचकाला ती रेघोट्यांसारखीच दिसते. संगणकाला छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचता येते, पण घसटी, म्हणजे हात न उचलता भराभर लिहिलेली मोडी अजून माणसानेच वाचावी लागते. मोडीचा अभ्यास केलेल्या एकाने बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर करावे आणि दुसऱ्याने ते मूळ कागदाशी ताडून पाहावे. न लागलेला शब्द कंसात प्रश्नचिन्ह घालून सोडावा; अंदाजाने भरलेला शब्द पुढे पुरावा म्हणून उद्धृत होतो. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, परंतु शोध घेण्यासाठी देवनागरी लिप्यंतरच कामाला येते.

पायरी ५: हक्क आणि मर्यादा

कागद ज्याच्या घरात आहे तो मजकुराच्या हक्काचाही धनी असतोच असे नाही. पत्राचा लेखनहक्क लिहिणाऱ्याकडे आणि नंतर त्याच्या वारसांकडे राहतो. प्रसिद्ध झालेल्या लेखनाच्या बाबतीत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि छायाचित्राच्या बाबतीत प्रसिद्धीपासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. अप्रसिद्ध कागदांची गणना निराळी असते, म्हणून अलीकडच्या पत्रांसाठी वारसांची लेखी परवानगी घ्यावी.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: त्या सरसकट इंटरनेटवर टाकू नयेत. त्यांत हयात कुटुंबांची नावे आणि नातीगोती आहेत, आणि त्या वह्या म्हणजे उपाध्यायांची उपजीविका आहे. त्यांच्या संमतीने एखादे जुने पान दाखवावे आणि वही कशी लिहितात हे समजावून सांगावे.

पायरी ६: प्रदर्शन

‘आपला वैभवशाली इतिहास’ असा विषय कधीही घेऊ नये. त्यात सगळेच बसते आणि काहीच दिसत नाही. एक प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, गोदेच्या पुराची उंची नाशिककर कशी मोजत आले? गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागले, नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेले की नाही, ही आपली पूर मोजण्याची पट्टी. मग १९६९ आणि २००८ च्या पुरांची घरोघरची छायाचित्रे, दुकानदारांच्या वह्यांतल्या नुकसानीच्या नोंदी, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि आजच्या नकाशावर पाण्याची रेघ एवढ्या सामग्रीवर एक खोली भरते, आणि प्रेक्षक आपले घर त्या रेघेच्या आत आहे की बाहेर हे आधी शोधतो.

विषय वादाचा असेल तर अधिक काळजी हवी. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहावर प्रदर्शन मांडताना केवळ सरकारी अहवाल लावले, तर सत्याग्रही हे निव्वळ बंदोबस्ताचा प्रश्न होऊन बसतात. त्या अहवालांशेजारी सत्याग्रहींची पत्रके, आंबेडकरी जलशांतली पदे आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या ध्वनिमुद्रित आठवणी हव्यात, आणि प्रत्येक कागदाखाली तो कोणी, कोणासाठी लिहिला हे नमूद हवे. त्या काळचे अपमानकारक शब्द गाळू नयेत. ते अवतरणात ठेवून त्यांचा संदर्भ द्यावा.

मांडणीचे नियम थोडे आहेत. मूळ कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देऊ नये आणि ऊन तर अजिबात नको. बऱ्याच ठिकाणी उत्तम छापील प्रतिकृती लावून मूळ कागद पेटीत ठेवणेच शहाणपणाचे. प्रतिकृती असल्यास तसे लिहावे. फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असावा, मजकूर साठ-सत्तर शब्दांत संपावा आणि अक्षर आजीला चष्म्याशिवाय नाही तरी चष्म्याने तरी सहज वाचता यावे. व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी काही पेट्या खाली ठेवाव्यात.

क्यूआर कोड लावायचा असेल तर त्यामागे भिंतीवर नसलेले काही तरी हवे: मोडी पत्राचे वाचन करणारा आवाज, पूर पाहिलेल्या वृद्धाची आठवण किंवा पूर्ण लिप्यंतर. भिंतीवरचाच मजकूर फोनवर पुन्हा उघडला की प्रेक्षक दुसरा कोड उघडत नाही. टचस्क्रीन भाड्याने आणण्यापेक्षा त्या पैशांत मोडी वाचणारा एक माणूस दोन तास टेबलाशी बसवावा. आमच्याकडे सर्वांत लांब रांग त्याच टेबलापुढे लागली होती.

पायरी ७: कायमची जागा

प्रदर्शन उतरल्यावर प्रतिमा, सूची आणि लिप्यंतर एकत्र शोधता येतील अशा ठिकाणी ठेवाव्यात. संग्रह संकेतस्थळावर मांडण्याची ओमेका ही मोफत प्रणाली छोट्या संस्थांना पेलते. हक्कमुक्त सामग्री विकिमीडिया कॉमन्सवर आणि जुनी मराठी पुस्तके मराठी विकिस्रोतावर देता येतात. संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नोंदवू नये. तो संस्थेच्या नावाने असावा आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या कॅलेंडरवर लिहिलेली असावी.

प्रदर्शनाच्या दाराशी एक नोंदवही आणि पावतीपुस्तक ठेवायला विसरू नये. दुसऱ्याच दिवशी कोणी तरी पिशवीत आजोबांचे कागद घेऊन येतो. ते कायमचे मागू नयेत. पाने मोजून, अवस्था लिहून, दोघांच्या सहीची पावती द्यावी, आठ दिवसांत प्रतिमा काढून मूळ कागद परत करावेत आणि सोबत लिप्यंतराची एक छापील प्रत द्यावी.