डेडलिफ्टनं कंबर धरली, तर अंथरूण धरू नका

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजनाचा बार उचलायचा व्यायाम, मारताना कंबरेत उसण भरली की आमच्या साताऱ्यात दोन सल्ले हमखास मिळतात: पडून राहा, नाहीतर पायाळू माणसाचा पाय लावून घ्या. दुखत्या कंबरेवर लाथ किंवा झटका अजिबात नको. आणि 1-2 दिवसांपलीकडे पडून राहिलात तर कंबर आणखीच आखडते. सोसेल तेवढं सपाटीवर चाला, 10-10 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. अजिंक्यताऱ्याचा चढ सध्या राहू द्या.

पायातली ताकद गेली, जांघांमध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र थेट दवाखाना गाठा, लगेच.

सकाळी पहिला तासभर वाकू नका. मणक्यांमधल्या चकत्या रात्रीत पाणी शोषून फुगतात, त्यामुळे वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. चुळा भरतानासुद्धा बेसिनला हात टेका.

दुखणं ओसरलं की एक काठी पाठीमागे उभी धरा. ती डोकं, पाठ आणि कंबरेखालचं हाड यांना टेकलेली हवी. ती न सुटता, गुडघे किंचित सैल ठेवून, खुब्यातून वाका. हे जमेपर्यंत 20 किलोचा रिकामा बारही जमिनीवरून उचलू नका.