कोकणात नोकरी करत शिक्षणशास्त्रात पीएचडी करताय? या चुका टाळा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमध्ये कॉलेजात शिकवत किंवा कार्यालय सांभाळत पीएचडीला नाव नोंदवणारे पुष्कळ आहेत. प्रौढ शिक्षण, आजीवन अध्ययन, उच्च शिक्षणातलं नेतृत्व हे विषय त्यांच्या रोजच्या कामातलेच असतात. तरीही अनेकांचं काम सिनॉप्सिसवरच, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावरच अडकून पडतं. त्यांच्याकडे अनुभव असतो, वाचन असतं. नडतात ते पहिल्या वर्षी घाईत घेतलेले निर्णय.

पदवीच्या नावामागे धावणं

परदेशी जाहिरातींत ‘अ‍ॅडल्ट अँड हायर एज्युकेशन लीडरशिप’ असं भारदस्त नाव दिसतं आणि माणूस तेच शोधत बसतो. आपल्याकडे हा अभ्यास बहुतेक वेळा शिक्षणशास्त्राच्या पीएचडीतच होतो. काही ठिकाणी आजीवन अध्ययन किंवा प्रौढ शिक्षणाच्या विभागात होतो. दिल्लीच्या नीपा या राष्ट्रीय संस्थेत शैक्षणिक धोरण, नियोजन आणि प्रशासन यांवर पीएचडी करता येते. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत प्रौढ शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे (कोड 46), शिक्षणशास्त्र वेगळं (कोड 9). जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) नसेल तर पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण एकच वर्ष चालतात, म्हणून परीक्षा आणि प्रवेशाचं वेळापत्रक एकत्र बघून ठेवा.

घरबसल्या ऑनलाइन डॉक्टरेट देणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा. एडटेक कंपन्या परदेशी संस्थांच्या साथीने चालवतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असा इशारा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये दिला आहे. यात लाखो रुपये घालवून हाती आलेला कागद प्राध्यापकाच्या मुलाखतीत कामाला येत नाही.

‘हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते, पण संस्थेच्या ना-हरकत पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, कामातून मोकळं केलं जाईल. तिसरी गोष्ट बहुतेक पत्रांत नसते. मग कोर्सवर्कचे तास मुंबईत लागतात आणि सावंतवाडी-कणकवलीच्या माणसाला रजा मिळत नाही. पत्राचा मसुदा स्वतःच तयार करून न्या आणि त्यावर सही घ्या.

मुदतही नीट समजून घ्या. किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा घेता येते. ही सवलत माहीतच नसल्याने ‘आता आपल्याच्याने होणार नाही’ म्हणत काम सोडून देणाऱ्या बाया बघितल्या की जीव तुटतो.

जवळचे म्हणून गाइड (मार्गदर्शक)

ओळखीचे सर हो म्हणाले की विषय संपला, असं नसतं. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या अध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. प्राध्यापकांकडे आठ, सहयोगी प्राध्यापकांकडे सहा, सहायक प्राध्यापकांकडे चारच जागा असतात. जागा किती रिकाम्या आहेत आणि सर निवृत्त कधी होणार, हे विचारताना भिडेखातर गप्प बसू नका.

विषय मोठा आणि हात तोकडे

सगळ्यात जास्त वर्षं इथे वाया जातात. ‘महाराष्ट्रातील उच्च शिक्षणातील नेतृत्वाचा चिकित्सक अभ्यास’ हा विषय कुणालाही पेलणारा नाही. त्यापेक्षा प्रभारी प्राचार्य असलेल्या ग्रामीण कॉलेजांत निर्णय कोण आणि कसे घेतं, एवढंच बघा. प्रौढ शिक्षणाकडे जायचं तर उल्लास या केंद्राच्या साक्षरता कार्यक्रमातले स्वयंसेवक आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं विस्ताराचं काम आहे, 1828 पासून चालत आलेलं रत्नागिरीचं नगर वाचनालय आहे. स्त्रीशिक्षणासाठी झटलेले अण्णासाहेब कर्वे ज्या मुरुडचे, ते दापोलीजवळच आहे. दारात एवढं असताना नमुना गोळा करायला मराठवाड्यात कशाला जायचं?

माहिती कधी गोळा करायची, हे ठरवताना विद्यापीठाचं कॅलेंडर बाजूला ठेवा. जुलैत लावणी, मग गणपती आणि चाकरमानी, ऑक्टोबरात भातकापणी, शिमग्यानंतर मे अखेरपर्यंत आंबा. शेतकरी कुटुंबांना निवांत बोलतं करायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरं, तेही बागेत फवारणी नसेल त्या दिवशी. मच्छीमारांचं उलट असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं तासभर बोलतात.

प्रश्नावलीतही घोळ होतो. ‘आपण निरंतर शिक्षणाच्या प्रक्रियेत सहभागी आहात का? होय/नाही’ असं हर्णै बंदरावर सुकी मासळी वाळत घालणाऱ्या बाईंना विचारलं, की त्या ‘नाय’ म्हणून मोकळ्या होतात. त्याच बाई बचत गटाच्या हिशेबाचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या असतात, गटाची वही लिहितात, लेकीकडून फोनवर पैसे पाठवायला शिकलेल्या असतात. तक्त्यात मात्र ‘नाही’ची खूण पडते आणि निष्कर्षच खोटा ठरतो. ‘वर्षभरात कुठल्या प्रशिक्षणाला गेला होतात? तिथलं काय वापरता?’ असं प्रत्यक्ष घडलेलं विचारा. आधी चार-पाच जणांवर प्रश्नावली वापरून बघा आणि मगच छापा.

नेतृत्वावर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. मुलाखत ज्यांची घ्यायची, तेच तुमच्या गोपनीय अहवालावर सही करणारे. ते मोकळेपणाने बोलणार नाहीत, आणि बोललेच तर तुम्हाला ते लिहिणं जड जाईल. म्हणून स्वतःचं कॉलेज नमुन्यातून वगळा. नाव गाळलं की गोपनीयता राखली, असंही समजू नका. तालुक्यात वरिष्ठ महाविद्यालय एकच असेल, तर तालुक्याच्या नावावरून प्राचार्य लगेच ओळखू येतात. तालुका, स्थापनेचं वर्ष, विद्यार्थिसंख्या असे खुणेचे तपशील ढोबळ करा आणि संमतीपत्रात ते आधीच सांगा.

टायपिंग शेवटी बघू

मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप करून घेतला, तर साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो वाचताच येत नाही. मग सादर करायच्या आठवड्यात रूपांतर करायला घ्यावं लागतं आणि जोडाक्षरं फुटतात. पहिल्या प्रकरणापासून युनिकोडच वापरा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालतं. 10 ते 40 टक्के निघालं तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, 60 टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द होते. नोंदी काढताना शब्दशः उतरवलेला मजकूर तिथल्या तिथे अवतरणचिन्हांत टाका आणि पान क्रमांक लिहा. चार वर्षांनी तो मजकूर कुणाचा, हे आठवत नाही.