मिडाझोलाम हाती घेण्याआधी: विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात भूल द्यायला निघालेल्यांसाठी

एमडी ॲनेस्थेशियाच्या पहिल्या वर्षात बेन्झोडायझेपिनचं, म्हणजे मिडाझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम या गटाचं, प्रकरण बहुतेक जण एका संध्याकाळी उरकतात. प्रोपोफॉल, ॲट्राक्युरियम, सेव्होफ्लुरेन यांच्यापुढे ते फारच सोपं वाटतं. भीती घालवतं, गुंगी आणतं, आठवण पुसतं, झटके थांबवतं, स्नायू सैल करतं. झालं प्रकरण पाठ. मग सरकारी सेवेच्या बाँडची पोस्टिंग लागते, तालुक्याच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) तुम्ही एकटे उभे असता, आणि कपाटातून रोज हमखास निघणारं औषध नेमकं हेच असतं. अशा नव्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी आधी परतवाड्याकडे आणि मग यवतमाळ जिल्ह्यात भूल दिली, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील.

आधी थोडं पुस्तकातलं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गाबा हा मेंदूला शांत करणारा रासायनिक निरोप्या. त्याचा गाबा-ए रिसेप्टर म्हणजे पाच घटकांची बनलेली क्लोराइडची वाहिनी. बेन्झोडायझेपिन तिच्या अल्फा आणि गॅमा घटकांच्या सांध्यात बसतं आणि गाबा हजर असेल तरच वाहिनी जास्त वेळा उघडायला लावतं. बार्बिट्युरेट ती जास्त वेळ उघडी ठेवतात आणि मोठ्या डोसला गाबा नसतानाही उघडतात. तोंडी परीक्षेतला हा आवडता प्रश्न आहे, पण त्याचा खरा उपयोग कॅज्युअल्टीत कळतो. रागाच्या भरात नुसत्या डायझेपामच्या गोळ्या गिळलेला माणूस बहुधा झोपून उठतो. त्याच गोळ्यांवर दारू पडली असेल किंवा ओपिऑइड (अफूच्या गटातलं वेदनाशामक) गेलं असेल, तर श्वास थांबू शकतो. एकट्या बेन्झोला मर्यादा आहे, जोडीने दिलेल्याला नाही. ओटीत आपण ते जवळपास नेहमी जोडीनेच देतो, हे विसरायचं नाही.

इतिहास दोन ओळींत सांगते. रोश कंपनीतल्या लिओ स्टर्नबाख यांच्या कामातून क्लोरडायझेपॉक्साइड आलं, ते 1960 मध्ये बाजारात उतरलं आणि 1963 मध्ये डायझेपाम. मिडाझोलाम त्याच कंपनीत 1970च्या दशकात तयार झालं.

मिडाझोलामचं रसायन मात्र नीट वाचा. त्याला इमिडाझोल कडी जोडलेली आहे. ॲम्प्यूलमधलं द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच 4च्या खाली, तिथे रेणूतली एक कडी उघडी राहते आणि औषध पाण्यात विरघळतं. रक्तात 7.4 पीएचला ती कडी मिटते, औषध चरबीत विरघळणारं होतं आणि झपाट्याने मेंदूत शिरतं. डायझेपाम पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते प्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रावकात येतं, शिरेत आग करतं, पुढे शीर सुजते. कापूस वेचून हात खरबरीत झालेल्या सत्तरीच्या आजीच्या मनगटावर मुश्किलीने एक शीर सापडते. ती तुम्ही डायझेपामने खराब केलीत, तर दुसरी शोधायला तुम्हालाच बसायचं आहे.

अर्धायुष्याचे आकडे पाठ असू द्या: मिडाझोलाम साधारण 2 ते 3 तास, लोराझेपाम 10 ते 20, डायझेपाम 20 ते 50, आणि डायझेपामपासून शरीरात बनणारा सक्रिय पदार्थ (मेटाबोलाइट) त्याहून कितीतरी जास्त. पण एका डोसनंतर डायझेपामची गुंगी उतरते ती औषध मेंदूतून बाकी शरीरात पसरतं म्हणून, संपतं म्हणून नव्हे. दुसरा, तिसरा डोस दिला की अर्धायुष्य आपला हिशोब मागतं. मिडाझोलामला यकृतात सीवायपी-3ए-4 हे एन्झाइम मोडतं. आपल्याकडे क्षयाचे रुग्ण भरपूर, आणि क्षयावरचं रिफॅम्पिसिन हेच एन्झाइम इतकं वाढवतं की तोंडाने दिलेल्या मिडाझोलामचा जवळजवळ काहीच असर दिसत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांचं उलट, त्यांच्यासोबत गुंगी लांबते. लोराझेपाम वेगळ्या वाटेने जातं, ग्लुक्युरोनाइड होऊन, म्हणून यकृत खराब असलेल्याला ते त्यातल्या त्यात बरं.

आता डोस. प्रौढाला शिरेतून गुंगीसाठी 1 मिलिग्रॅमने सुरुवात करा, थांबा, मग अर्धा किंवा एक मिलिग्रॅम. थांबा म्हणजे खरंच थांबा, निदान दोन ते तीन मिनिटं, म्हातारं माणूस असेल तर त्याहून जास्त. सर्जन हात धुऊन तयार, सिस्टर घड्याळाकडे पाहतात, पेशंट टक्क जागा, आणि तुमचा अंगठा पिस्टनवर. या दोन मिनिटांतच नवे लोक दुसरा डोस ढकलतात आणि मग दोन्ही डोस एकदम चढतात. साठीपुढच्यांना निम्म्याने द्या. नसबंदीच्या शिबिरात येणाऱ्या कित्येक बायकांचं वजन चाळीसच्या खाली असतं, हिमोग्लोबिन आठच्या आसपास, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी. मिडाझोलाम रक्तात 95 टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटलेलं असतं. प्रथिनंच कमी, तर मोकळं औषध जास्त. त्यांच्यासाठी किलोमागे काढलेला पुस्तकी आकडाही मला मोठाच वाटतो.

आणि ते वेदना कमी करत नाही. गुंगीत असलेली बाई टाका घालताना कण्हते, तेव्हा अजून मिडाझोलाम हे उत्तर नाही. लोकल भूल नीट दिलीय का ते आधी बघा.

बाजारात मिडाझोलाम दोन ताकदींत मिळतं: 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम, आणि 1 मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅम. खरेदीत कधी हे येतं, कधी ते. माझी पद्धत एकच आहे. 5 मिलिग्रॅमचं ॲम्प्यूल असेल तर सलाईन घालून 5 मिलिलिटर करायचं, म्हणजे ओटीतल्या प्रत्येक सिरिंजमध्ये 1 मिलिलिटरला 1 मिलिग्रॅमच. या गटाच्या औषधांच्या लेबलचा रंग नारिंगी ठरलेला आहे. छापील लेबलं नसतील तर मायक्रोपोरच्या पट्टीवर नारिंगी स्केचपेनने नाव आणि ताकद लिहा, आणि पट्टी सिरिंजवर औषध भरायच्या आधी लावा.

ऑक्सिमीटरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक ग्रामीण ओटींत कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नसतो. तुम्ही मास्कने ऑक्सिजन लावला की स्क्रीनवर 99 दिसतं आणि सगळे निवांत होतात. पण ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ तसाच राहतो. कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मॉनिटर त्याची दाद लागू देत नाही. पारदर्शक मास्कच्या आतल्या वाफेकडे बघा. प्रत्येक उच्छ्वासाला ती धरते आणि विरते. विरून परत धरली नाही, तर हनुवटी वर उचला. छातीवर चिकटवलेला स्टेथोस्कोप आणि कानात एक नळी, हा जुना उपाय आजही फुकट आहे. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सक्शन चालू आहे का, हे पेशंट टेबलावर घेण्याआधी बघायचं. जंबो सिलिंडरचा काटा स्वतः बघायचा, वॉर्डबॉय मामांनी ‘भरेल आहे’ म्हटलं तरी.

पेशंटला काय विचारायचं, ते पुस्तकात या क्रमाने सापडणार नाही. विदर्भात पहिला प्रश्न तोंड उघडायला लावण्याचा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) वर्षानुवर्षं खाल्लेल्या माणसाचं तोंड कित्येकदा दोन बोटांपलीकडे उघडत नाही. आतले गाल पांढुरके, दोरीसारखे कडक झालेले असतात. अशा माणसाला ‘थोडी गुंगी’ द्यायची म्हणजे श्वास थांबला तर लॅरिन्गोस्कोपचं पातं आत जाणार नाही, हे ठाऊक असून द्यायची. अशा पेशंटला मी स्पायनलवर (कमरेतून दिलेल्या भुलेवर) पूर्ण जागं ठेवते आणि त्याच्याशी बोलत राहते. पिकलं का, भाव काय मिळाला, यावर अर्धा तास सहज निघतो.

दुसरं सिकलसेल. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात ते इतकं सापडतं की सोल्युबिलिटी टेस्टचा रिपोर्ट फाइलमध्ये नसेल तर मी नियोजित केस पुढे ढकलते. श्वास मंदावला की ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइडने रक्त आम्लाकडे झुकतं, आणि या दोन्हींनी लाल पेशी वाकड्या होतात. दुसऱ्या कुणाला निभावून गेलेली दहा मिनिटांची उथळ गुंगी सिकलसेलच्या पोराला क्रायसिसमध्ये नेऊ शकते. अशा लेकराला उपाशी कमी ठेवा, सलाईन लावा, एसी बंद करून पांघरूण घाला, आणि शक्य असेल तर गुंगीऐवजी आईला जवळ बसवा. लहान मुलांना तोंडावाटे मिडाझोलाम द्यायचंच असेल, तर किलोला अर्धा मिलिग्रॅम, अर्धा तास आधी, गोड सिरपात. ते भयंकर कडू असतं. काही पोरं त्याने शांत होण्याऐवजी चिडतात, आरडाओरडा करतात. तेव्हा आणखी डोस देऊ नका.

तिसरी दारू. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. चंद्रपूरला बंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली. बंदी असली की पेशंट खरं सांगत नाही. ‘कायची दारू जी, मी तं माळकरी आहो.’ मग बाहेर त्याच्या बायकोला विचारा. ‘रोजच घेते ना बाई, काल रातीबी घेतली.’ रोज पिणाऱ्याला मिडाझोलामचा नेहमीचा डोस लागू पडत नाही, कारण दारूही त्याच गाबावर काम करते. आणि आत्ताच पिऊन आलेल्याला थोडाही डोस जड जातो. म्हणून ‘घेता का?’ हे विचारूच नका, ‘शेवटची कधी घेतली?’ असं विचारा. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसायला लागले, तर दारू सुटल्याचं ते लक्षण आहे, आणि तिथे लोराझेपाम किंवा डायझेपामच औषध ठरतं.

सिझेरियनमध्ये बाळ बाहेर येईपर्यंत मिडाझोलाम नको. ते वारेतून जातं आणि बाळ ढिलं, रडायला आळशी निघतं. बाळ निघाल्यावर बाई घाबरीघुबरी असेल तर एखादा मिलिग्रॅम देणारे आहेत. मी टाळते. मिडाझोलाम दिल्यानंतरच्या गोष्टींची आठवण राहत नाही, आधीच्या राहतात. आणि नंतरच्या त्याच पाच मिनिटांत लेकरू पहिल्यांदा तिच्या गालाला लागतं. ‘मॅडम, माह्यं लेकरू कवा रडलं? मले तं काहीच याद नाही,’ असं वॉर्डात एकदा ऐकलं की पुढच्या वेळी तुम्हीही तिचा हात धरून बसाल. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा तोही याच कारणाने इंजेक्शनच्या आधी.

पेशंट अस्वस्थ आहे, हात-पाय झाडतो आहे, तर आधी कारण शोधा. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो, दंशाची खूण धड दिसत नाही, पापण्या जड होत जातात. ती मण्यार असते. त्याची तडफड श्वासाचे स्नायू लुळे पडत चालल्याची आहे. त्याला शांत करायला मिडाझोलाम दिलं तर तो खरंच शांत होईल. त्याला ट्यूब आणि श्वास लागतो, शिवाय सर्पदंशाचं औषध.

याउलट काही ठिकाणी बेन्झोडायझेपिन हेच जीव वाचवणारं औषध आहे आणि तिथे हात आखडायचा नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून इथली कॅज्युअल्टी फवारणीच्या हंगामात सावध असते. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत झटके आले तर त्या विषावरचं नेहमीचं औषध ॲट्रोपिन ते थांबवत नाही. डायझेपाम 10 मिलिग्रॅम हळूहळू शिरेतून, किंवा मिडाझोलाम. सलग झटक्यांत लोराझेपाम 4 मिलिग्रॅम, मिनिटाला 2च्या वेगाने. मात्र लोराझेपाम फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेलेला आणि लाइट दुपारपासून गेलेली असेल, तर त्या ॲम्प्यूलवर माझा भरवसा नसतो. शीर सापडत नसेल तेव्हा 40 किलोच्या वरच्या माणसाला मिडाझोलाम 10 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्या, ते चांगलं शोषलं जातं. डायझेपाम स्नायूत देऊ नका. ते कधी चढतं, कधी नाही.

बेन्झोडायझेपिनचा असर उलटवणारं फ्लुमाझेनिल मागवून ठेवा. 0.2 मिलिग्रॅमने सुरू करून मिनिटा-मिनिटाने, एकूण 1 मिलिग्रॅमपर्यंत. त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि मिडाझोलाम उरलेलं असतं, म्हणून जागा झालेला पेशंट परत पेंगतो. त्याला दोन तास तरी नजरेआड करू नका. फिट्ससाठी रोज बेन्झोडायझेपिन घेणाऱ्याला ते देऊ नका, झटके येतात. आणि श्वास थांबला असेल तर पहिल्यांदा मास्क आणि बॅग, ॲम्प्यूल फोडणं नंतर.

घरी सोडताना सूचना पेशंटला सांगून उपयोग नाही, तो मान डोलावेल आणि संध्याकाळी विसरलेला असेल. नातेवाइकाला सांगा, कागदावर लिहून द्या: चोवीस तास गाडी चालवायची नाही, विहिरीवर जायचं नाही, दारू नाही. आमच्याकडे पेशंट बहुधा मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसून जातो. मागे धरणारा पक्का माणूस आहे का, ते फाटकापर्यंत जाऊन बघते.

आणि रजिस्टर. मिडाझोलाम आणि डायझेपाम शेड्यूल एच-1 मध्ये (कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत) आहेत, आणि ही सगळी औषधं एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहेत. प्रत्येक ॲम्प्यूलमागे पेशंटचं नाव, दिलेला डोस, टाकून दिलेला उरलेला भाग आणि दोन सह्या. हे काम ओटी संपल्याबरोबर करा, रिकामी ॲम्प्यूलं मोजून सिस्टरसमोर. महिनाअखेरीला फार्मासिस्ट विचारतो तेव्हा कुठल्या मंगळवारी किती वापरलं, हे कुणालाही आठवत नसतं.