डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवायचे असेल, तर काम आदल्या दिवशी सुरू करा

नवा सर्व्हर चालू आहे, त्याचा आयपी पत्ता हाताशी आहे आणि डोमेनचे पॅनेल उघडता येते, असे गृहीत धरतो. प्रथम डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर, कोणाकडे आहेत ते पाहा. डीएनएस रेकॉर्ड (कोणते नाव कुठे जाते याच्या नोंदी) तिथेच बदलावे लागतात आणि ती जागा डोमेन विकत घेतलेल्या कंपनीचीच असेल असे नाही. नेमसर्व्हर मात्र बदलू नका. केवळ संकेतस्थळ हलवायचे असताना ‘आमचे नेमसर्व्हर टाका’ हा होस्टिंगवाल्यांचा सल्ला मी एकदा मानला. नव्या झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या रेकॉर्डांच्या नव्या यादीत, ईमेल कुठे पोहोचवायची ते सांगणारे एमएक्स रेकॉर्डच नव्हते, त्यामुळे एका ग्राहकाची ईमेल बंद पडली आणि ते दुसऱ्या दिवशी त्याच्याच फोनवरून मला कळले.

खरी गोम टीटीएलमध्ये आहे. रिझॉल्व्हरने, म्हणजे लोकांच्या वतीने नेमसर्व्हरला पत्ता विचारणाऱ्या सर्व्हरने, मिळालेले उत्तर किती सेकंद जपून ठेवावे, हे प्रत्येक रेकॉर्डसोबतची ही संख्या सांगते. ती ८६,४०० असेल, तर बदलाच्या क्षणभर आधी जुना पत्ता घेऊन गेलेला रिझॉल्व्हर दिवसभर तोच सांगत राहू शकतो, आणि जगभरच्या रिझॉल्व्हरना तो विसरायला लावणे तुमच्या हातात नसते. ‘४८ तास थांबा, प्रोपगेशन चालू आहे’ हे वाक्य ऐकले की मला चीड येते. काहीही कुठे पसरत नसते. ठिकठिकाणी जपलेल्या जुन्या उत्तरांची मुदत संपत असते, एवढेच. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवरील नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास असतो. तो आकडा नेमसर्व्हर बदलणाऱ्यांच्या कामाचा आहे, नावाचा आयपी पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड बदलणाऱ्यांच्या नव्हे.

म्हणून आदल्या दिवशी पत्ता तसाच ठेवून फक्त टीटीएल ३०० करा आणि जुना टीटीएल जेवढा होता, तेवढा वेळ जाऊ द्या. सुरुवातीला मी दोन्ही एकाच वेळी बदलत असे आणि तरीही लोकांना जुनेच पान का दिसते, म्हणून डोके धरून बसत असे. कमी केलेला टीटीएल नव्या उत्तरासोबत जातो. ज्यांच्याकडे जुने उत्तर आहे, ते जुनीच मुदत मोजत असतात. नवे उपडोमेन काढत असाल, तर रेकॉर्ड टाकण्यापूर्वी ते ब्राउझरमध्ये उघडून पाहण्याचा मोह आवरा, कारण ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तरही जपले जाते आणि त्याची मुदत झोनची मूलभूत माहिती असलेल्या एसओए रेकॉर्डवरून ठरते.

मुदत उलटली की ए रेकॉर्डमध्ये नवा पत्ता भरा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी मूळ नावाकडे जाणारा सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) पुरतो. मूळ नावावर मात्र सीनेम चालत नाही, कारण तिथे एनएस (नेमसर्व्हर सांगणारे रेकॉर्ड) आणि एसओए आधीच असतात आणि सीनेमशेजारी असे दुसरे रेकॉर्ड नियमात बसत नाहीत. जुन्या सर्व्हरचा एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याचा) राहिला असेल तर तोही बदला किंवा काढा. भारतातील मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरले जाते, त्यामुळे तुमच्या कार्यालयात नवे संकेतस्थळ आणि ग्राहकाच्या फोनवर जुने, असा प्रकार घडतो.

तपासणी ब्राउझरवर सोडू नका. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या ‘डिग’ आज्ञेने आधी झोनच्या नेमसर्व्हरला थेट विचारा, मग ८.८.८.८ आणि १.१.१.१ या सार्वजनिक रिझॉल्व्हरना. पहिल्याचे उत्तर चुकीचे असेल तर चूक पॅनेलमध्ये आहे; पहिल्याचे बरोबर आणि नंतरच्यांचे जुने असेल, तर उत्तरात दिसणारे उरलेले सेकंद संपेपर्यंत थांबा आणि पॅनेलला हात लावू नका.

मूळ नाव नव्या पत्त्यावर पोहोचल्यावर एचटीटीपीएससाठीचे प्रमाणपत्र घ्या. जुन्या सर्व्हरच्या नोंदवहीत भेटी येणे थांबेपर्यंत तो चालू ठेवा आणि त्यानंतरच टीटीएल पुन्हा ३,६०० वर न्या.