बटाटा, साखर आणि वजनकाटा: पेशीतलं परासरण घरच्या घरी कसं बघायचं

परासरण म्हणजे ऑस्मोसिस, पेशीच्या पटलातून पाण्याचं आत-बाहेर सरकणं, हे शाळेत सगळ्यांनीच केलेलं असतं आणि व्याख्याही पाठ असते, पण पाणी नक्की कुठून कुठे जातं असं विचारलं की बरेच जण गडबडतात. माझं स्पष्ट मत आहे की हा विषय वाचून कळत नाही, वजन करून कळतो. आणि त्यासाठी लॅब लागत नाही, किचनमधला डिजिटल वजनकाटा, दोन मोठे बटाटे, एक बीट, साखर आणि पाच ग्लास एवढ्यात काम होतं.

आधी पाणी तयार करून घ्या. ग्लासांवर ०, ५, १०, १५, २० असे नंबर टाका, हे साखरेचे टक्के. पहिल्यात साखर नाही, पुढच्यांत १०, २०, ३० आणि ४० ग्रॅम साखर घाला आणि मग प्रत्येक ग्लास २०० मिलीच्या खुणेपर्यंत पाण्याने भरा. आधी २०० मिली पाणी घेऊन वर साखर टाकली तर टक्केवारी चुकते, म्हणून क्रम हाच ठेवा आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा.

आता बटाटे. साल पूर्ण काढा कारण सालीतून पाणी नीट जात नाही, मग साधारण १ सेंटीमीटर जाडीच्या एकसारख्या फोडी करा, फिंगर चिप्सला करतो तशा. चिरलेला बटाटा काळा पडू नये म्हणून पाण्यात टाकायची आपल्या हाताला सवय असते, ती इथे आवरा, कारण पाण्यात पडल्या क्षणापासून परासरण सुरूच होतं आणि तुमचं सुरुवातीचं वजन बिघडतं. प्रत्येक ग्लाससाठी चार-पाच फोडींचा गठ्ठा करा, म्हणजे काटा १ ग्रॅमचाच असला तरी फरक दिसेल. फोडी फडक्याने टिपून कोरड्या करा, वजन लिहा, ग्लासात बुडवा आणि दोन-तीन तास हात लावू नका.

बाहेर काढल्यावर आधी बोटांनी बघा, काटा नंतर. साध्या पाण्यातली फोड टणक झालेली असते, वाकवली तर काटकन मोडते. २० वाल्या ग्लासातली मऊ पडलेली असते, वाकवली तर वाकत जाते पण मोडायचं नाव घेत नाही. मग हलक्या हाताने पुसून, न दाबता, परत वजन करा. जेवढा फरक पडला त्याला आधीच्या वजनाने भागून १०० ने गुणलं की टक्के निघतात, वाढले तर अधिक आणि घटले तर उणे.

तर झालं काय? पेशीभोवती जे पटल असतं ते पाण्याला सोडतं पण साखरेला सहजी आत घेत नाही, म्हणून त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात. पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंनी सतत ये-जा करत असतात, हे लक्षात ठेवायचं. फक्त ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त तिथून बाहेर पडणारं पाणी कमी असतं, म्हणून हिशोब केला तर पाणी जास्त कणांच्या बाजूला सरकलेलं दिसतं. साध्या पाण्यात ते बटाट्यात शिरलं, घट्ट साखरपाण्यात बटाट्यातून निघून गेलं. (या पटलात पाण्यासाठी वेगळी प्रथिनांची दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन नावाची, आणि ती शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) बटाट्याची पेशी फुगूनही फुटत नाही कारण बाहेर भक्कम पेशीभित्तिका आहे. आपल्या तांबड्या रक्तपेशीला ती नाही, म्हणून साध्या पाण्यात ती फुगून फुटते आणि शिरेतून नुसतं पाणी देता येत नाही.

खरी मजा मधल्या ग्लासांत आहे. पाचही आकड्यांचा ग्राफ काढा, आडवे साखरेचे टक्के आणि उभे वजनातल्या फरकाचे टक्के, रेषा शून्याला जिथे कापते तिथे पाणी जेवढं आत तेवढंच बाहेर, म्हणजे ते तुमच्या बटाट्यासाठी समपरासारी द्रावण. बटाट्याच्या जातीनुसार आणि तो किती ताजा आहे त्यानुसार हे बदलतं, पण बऱ्याचदा १० टक्क्यांच्या आसपास किंवा जरा अलीकडे येतं. आता सलाइनच्या बाटलीवर बघा, तिथे मीठ फक्त ०.९ टक्के असतं आणि रक्तपेशीला तेवढं पुरतं. साखर १० आणि मीठ १ सुद्धा नाही, असं का? कारण परासरणात वजनाला किंमत नाही, कण किती आहेत याला आहे. साखरेचा रेणू जड, रेणूभार ३४२, मिठाचा ५८.५, आणि वर मीठ विरघळताना सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतात, म्हणजे १ ग्रॅम मिठातून १ ग्रॅम साखरेच्या जवळपास १२ पट कण मिळतात. काकडीच्या कोशिंबिरीला चिमूटभर मीठ आधीच लावून ठेवलं तर वाटीत पाणी होतं ते यामुळेच.

बीट विसरू नका, पटल काय करतं ते त्याच्याशिवाय दिसत नाही. कच्च्या बिटाच्या फोडी, धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि गार पाण्यात ठेवा. तेवढ्याच फोडी दुसऱ्या पाण्यात उकळा. कच्च्यांचं पाणी बराच वेळ फिकटच राहतं, उकळलेल्यांचं मात्र लालभडक होतं, कारण उष्णतेने पटलं फाटली आणि आतला रंग अडवायला कोणी राहिलं नाही. पटल शाबूत नसेल तर परासरणही नाही, म्हणून उकडलेल्या बटाट्यावर हा प्रयोग करून वेळ घालवू नका.

आणि उरलेलं साखरपाणी कुंडीत ओतू नका. मुळांच्याही पेशीच आहेत, बाहेर घट्ट द्रावण आलं की त्यांना पाणी ओढणं जड जातं आणि ओल्या मातीत झाड माना टाकतं. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत हेच होतं, वर्षानुवर्षं जास्त पाणी दिलं आणि निचरा झाला नाही की खालचे क्षार वर येतात, मग रानात ओल दिसते पण पिकाला ती घेता येत नाही. तिथे आणखी पाणी देऊन भागत नाही, चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षार बाहेर काढावे लागतात.