शवपेटी भाड्याने आणताय? आधी लाईटचं बघा

पोरं पुण्या-मुंबईहून यायची असली की बॉडी रात्रभर घरी ठेवावी लागते, आणि आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्यांवर काही भागत नाही, म्हणून फ्रीजरवाली शवपेटी भाड्याने आणा, काही सामाजिक संस्था फुकटही देतात. घरच्यांना त्या वेळी काहीच सुचत नसतं, हे भावकीनं नाहीतर शेजाऱ्यांनीच बघावं. लाईट गेली तर? घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर ओढत नाही, जनरेटर आधीच सांगून ठेवा. पेटी सपाट जागी, सावलीत, भिंतीपासून जरा लांब. बॉडी ठेवायच्या आधीच चालू करून गार होऊ द्या आणि दर्शनाला झाकण सारखं उघडू नका, काचेतून दिसतंच की. परत देताना आतून जंतुनाशकाने नीट पुसा, तीच पेटी पुढं दुसऱ्याच्या घरी जाते.