रेनेसान्स की मॅनरिझम? आधी वजन कुठं पडतंय ते बघा

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालेली, पुढं जी.डी. आर्ट या कलेच्या पदविकेची तयारी करणारी पोरं कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्याकडं शिकायला येतात. रेनेसान्स म्हणजे इटलीतली तोलदार, निसर्गाला धरून असलेली कला; मॅनरिझम म्हणजे त्यानंतरची, तेच नियम मुद्दाम वाकवणारी शैली. मॅनरिझम कसा ओळखायचा म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, लांब मान." पार्मिजानिनो या मॅनरिस्ट चित्रकाराची लांब मानेची मॅडोना (मेरी) सगळ्यांनी पाठ केलेली असते. आणि आपण पडलो आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावचे. हाडामांसाचं रेखाटन चोख लागतं आपल्याला. त्यामुळं मान लांबली की "ड्रॉइंग चुकलंय" हा शेरा लगेच तयार. पण पाँतोर्मो, रोस्सो ही मॅनरिस्ट मंडळी ड्रॉइंगला कच्ची नव्हती. नियम पचवून मग वाकवलेत त्यांनी.

म्हणून मान सोडा, दोन चित्रं घ्या. एक रेनेसान्सच्या राफाएलचं १५०७ चं, ख्रिस्ताचा देह थडग्याकडं नेतानाचं; आता ते रोमच्या बोर्गेझे गॅलरीत आहे. दुसरं पाँतोर्मोचं, तेही ख्रिस्ताचा देह वाहून नेतानाचं, साधारण १५२५ ते २८ मधलं, फ्लॉरेन्सच्या सांता फेलिचिता चर्चमधलं. तिथं ते आजही आपल्या मूळ जागी आहे. दोन्हींचे ए-थ्री रंगीत प्रिंट काढा. मोबाइलच्या स्क्रीनवर हा अभ्यास होत नाही, उगाच हट्ट करू नका. वर बटर पेपर चिकटवा.

आता ओझं उचलणाऱ्या माणसांवर या. राफाएलमध्ये दोघं ख्रिस्ताला कापडावरून नेतायत. उजवीकडचा तरुण मागं रेललाय, हात ताणलेत, पाय रोवलेत. त्याच्या अंगातून डोक्यापासून पायापर्यंत एक रेघ ओढा. ती तिरकी येते, कारण पुढच्या ओझ्याला तोलायला शरीर मागं गेलंय. पटत नसेल तर करून बघा. मी वर्गात दोघांना चादर धरायला लावतो, मध्ये तिसऱ्याला झोपवतो. तालमीत जाणारा एखादा असला तर तो न सांगता बरोबर तसाच उभा राहतो.

मग पाँतोर्मो. खाली उकिडवा बसलेला पोरगा चवड्यांवर आहे आणि ख्रिस्ताच्या देहाचा भार त्याच्या खांद्यावर. ही पोझ घ्या आणि खांद्यावर कुणाला तरी टेकायला सांगा. क्षणात आडवे व्हाल. चित्रातला पोरगा मात्र तसाच, वर आपल्याकडं बघतोय, चेहऱ्यावर भांबावलेपण. जमीन शोधा: नीट सापडत नाही. क्रूस शोधा: नाही. थडगंही नाही. डावीकडं वर एक ढग तेवढा आहे. बटर पेपरवर नुसते हात आणि डोकी काढली तर एक गरगरणारी वेल तयार होते आणि मध्यभागी कुणी ठाम उभंच नसतं. दुःखानं पायाखालची जमीन जाणं त्यानं अक्षरशः काढलंय. माझं ऐकाल तर या दोघांत मला हाच मोठा वाटतो, पण परीक्षेत असलं लिहू नका.

दुसरी परीक्षा पट्टीची. लिओनार्दोच्या 'शेवटच्या भोजना'त छताच्या रेघा वाढवा, त्या ख्रिस्ताच्या डोक्यापाशी येऊन मिळतात. टेबल आपल्यासमोर आडवं, सरळ. तिंतोरेत्तो या चित्रकारानं व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे चर्चसाठी १५९२ ते ९४ मध्ये हाच विषय केला. तिथं टेबल तिरकं आत धावतं, पुढं नोकरचाकर मोठे आणि ख्रिस्त मागं, लहान. त्याच्याभोवतीचं तेज नसतं तर शोधावा लागला असता.

रंगावर एकट्यानं निकाल देऊ नका. सावलीत कापड गडद होण्याऐवजी त्याचा रंगच बदलतो, ही मॅनरिस्टांची आवडती युक्ती. पण ती मायकेलँजेलोनं व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छतावर आधीच केलीय.

सनावरही नको. "१५२७ मध्ये रोम लुटलं गेलं आणि मॅनरिझम सुरू झाला" हे गाइडमधलं वाक्य खोडा. राफाएल १५२० मध्ये गेला आणि रोस्सोचं व्होल्तेर्रा गावातलं, ख्रिस्ताला क्रूसावरून उतरवतानाचं चित्र १५२१ चं, म्हणजे लुटीच्या आधीचं. लुटीनं कलावंत पांगले, शैली इतरत्र पसरली, एवढं म्हणा. बरं, राफाएलच्या त्या १५०७ च्या चित्रातच उजव्या कोपऱ्यात बघा. बेशुद्ध पडणाऱ्या मेरीला सावरायला एक बाई गुडघ्यावर बसून कमरेतून पिळवटून वळलीय. ती पोझ मायकेलँजेलोच्या 'दोनी तोंदो' या गोल चित्रावरून आली असं मानतात. पुढच्या पिढीनं हाच पीळ वाढवत नेला.

शिल्पाला वेगळी रीत. जांबोलोन्या या मॅनरिस्ट शिल्पकाराचं १५८३ मधलं, सॅबाइन जमातीतल्या स्त्रीच्या अपहरणाचं शिल्प समोरच्या एका फोटोवरून कधीच कळणार नाही. तीन शरीरं वर वर वळत जातात आणि समोरची बाजू अशी नसतेच. भोवती फिरून काढलेला व्हिडिओ शोधा, पाच-सहा ठिकाणी थांबवा आणि दर वेळी नुसती बाह्यरेषा काढा, आतलं काही नको.